सत्तेचाळीस नंबरची पेटी

१

निशा गाडेकर पाच वाजता घरी आली तेव्हा पंखा फिरत होता, ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं आणि तिचे वडील कॉट आणि सिलिंडर यांच्या मधोमध फरशीवर पडले होते.

यंत्राची नळी नाकातून निसटून गळ्याशी आली होती. उजवा हात सिलिंडरच्या दिशेनं लांबलेला. सिलिंडर चार पावलांवर होता.

डॉक्टर आले. साडेपाचला त्यांनी यंत्र बंद केलं आणि चष्मा काढला. "वय अठ्ठ्याहत्तर, फुफ्फुसं आधीच गेलेली, त्यात चव्वेचाळीस डिग्रीचा उकाडा. तुम्ही केलं तेवढं पुष्कळ केलं, ताई."

निशानं मान हलवली. तिसऱ्या दिवशी सकाळी खोली आवरताना तिच्या हाताला ती वही लागली. यंत्राच्या मागं एक छोटा काउंटर होता. यंत्र एकूण किती तास चाललं ते त्यावर दिसायचं. फिल्टर कधी बदलायचा हे कळावं म्हणून ती सकाळ-संध्याकाळ तो आकडा वहीत लिहायची.

बाबा गेले त्या दिवशी सकाळी आठला ६२१२. तिनं वाकून काउंटर पाहिला. ६२१९.

आठ ते साडेपाच म्हणजे साडेनऊ तास. काउंटर मात्र सातच तास पुढं सरकला होता.

गिरिजा कॉलनीत त्या दुपारी वीज गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी गेली, चार चाळीसला आली. बरोबर अडीच तास. पण बाबांच्या यंत्राला त्याचं काही व्हायला नको होतं. त्यांच्या घरातल्या बोळात भिंतीवर निळी पेटी होती, सत्तेचाळीस नंबरची. बॅटरीची. वीज गेली की यंत्र आपोआप पेटीवर जायचं आणि पेटी भरलेली असली की दहा तास चालायचं.

आणि पेटी भरलेली होती. सकाळी निघताना निशानं मोबाइलवर पाहिलं होतं.

ती फरशीवर बसून राहिली. मग वही पिशवीत टाकली आणि हर्सूलची रिक्षा पकडली.

२

हर्सूलला राहणारी गौहर सय्यद वीज मीटर तपासायच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्याला सहा वर्षं झाली होती. एकतीस वर्षं तिनं मीटरची सीलं पाहिली होती: तोडलेली, वितळवलेली, परत चिकटवलेली. त्यातली बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर निशाचे वडील, धोंडिबा गाडेकर बसायचे. ती त्यांना भाऊ म्हणायची.

तिनं वही दोनदा वाचली.

"पोरी, भाऊंची पेटी राखीव होती ना?"

"होय आपा. बारा राखीव पेट्यांतली एक."

कॉलनी पैठण रोडवर, चितेगावच्या अलीकडं. एकशे बारा घरं, मागं सौर पॅनेलचं शेत, आणि हे सगळं चालवणारी अरुणकिरण ऊर्जा नावाची कंपनी. प्रत्येक घरात एक पेटी. दुपारी उन्हावर पेट्या भरायच्या, आणि संध्याकाळी सात ते दहा, जेव्हा अख्ख्या राज्यात एसी आणि कूलर एकदम सुरू होतात, तेव्हा कंपनी सगळ्या पेट्या रिकाम्या करून ती वीज बाहेर विकायची. रहिवाशांना बिलात सूट. फक्त बारा पेट्यांना हात लावायचा नाही, असा करार होता. ज्यांच्या घरात असं यंत्र आहे त्यांच्या.

"त्या दिवशी सकाळपासून धुळीचं सावट होतं," निशा म्हणाली. "ऊन असं नव्हतंच. बाकीच्या पेट्या भरल्याच नाहीत. आदल्या रात्री रिकाम्या केलेल्या तशाच होत्या. म्हणून अख्खी कॉलनी उकाड्यात बसली. पण आमची तर भरलेली होती!"

"मोबाइल म्हणतो भरलेली होती."

"म्हणजे?"

गौहरनं चप्पल पायात सरकवली. "म्हणजे मोबाइलला कुणीतरी सांगितलं असंल. चल, आधी सांगणाऱ्याकडं जाऊ."

३

अरुणकिरणचं ऑफिस शहरात, जालना रोडवर होतं. यादी आणि पेट्यांचा सगळा कारभार श्रेया नावाची इंजिनिअर बघायची. तिशीची असेल. निशाला पाहून ती उभी राहिली, पण नजर टेबलावरच ठेवली.

"मॅडम, तुमचं दुःख समजतं. पण आमची चूक नाही." तिनं स्क्रीन वळवली. "ही पेटी सत्तेचाळीस. यादीत पहिल्या दिवसापासून राखीव. सकाळी आठला पूर्ण भरलेली. दोन दहाला वीज गेली, त्याच क्षणी पेटी सुरू झाली. चार चाळीसपर्यंत अखंड वीज देत होती. बिघडलं असंल तर तुमचं यंत्र."

निशाचा चेहरा उतरला. गौहर मात्र स्क्रीनच्या जवळ सरकली.

"किती वीज देत होती?"

"बाराशे वॅटच्या आसपास."

"हं." गौहरनं तो आकडा निशाच्या वहीत लिहिला. "यादी कुणाला बदलता येते?"

"मला. आणि माझ्या वरच्यांना. पण यादी बदललेलीच नाही, दर महिन्याला तिची प्रत बँकेला जाते. पाहा." प्रती खऱ्या होत्या. श्रेया जरा थांबली. "एकदा बदलायची मागणी आली होती मात्र. घरमालकाच्या बाजूनं."

"कुणाच्या?" निशानं विचारलं. "घर बाबांच्या नावावर आहे."

"आणि तुमच्या भावाच्या." श्रेयानं एक मेल उघडली. मार्च महिन्यातली. *सत्तेचाळीस नंबरची पेटी राखीव ठेवू नये. इतरांप्रमाणे तीही संध्याकाळी रिकामी करावी. – ऋतुराज धोंडिबा गाडेकर.*

निशानं ते वाचलं आणि मोबाइल काढून त्या मेलचा फोटो घेतला.

४

ऋतुराज पुण्याहून दहाव्यापर्यंत राहायला आला होता. मेलचा विषय निघताच त्याचा आवाज चढला.

"व्हय, लिहिली होती! सूट मिळंल म्हणून लिहिली. यंत्र एवढं लागतं हे मला कुणी सांगितलं होतं? त्यांनी नाही म्हटलं, विषय संपला. निशा, तू मला बाबांचा खुनी ठरवायलीस का?"

"मी काहीच ठरवलं नाही, दादा."

"मग ह्या बाईला कशाला आणलं घरात?"

गौहर बोळात पेटीसमोर उभी होती. बोळ अंधारा, दोन्ही दारं लावली की दिवसाही दिवा लागायचा. निळ्या पेटीवर ४७ चा पत्र्याचा बिल्ला, खाली शिशाचं सील. सील शाबूत. ती बाजूला होऊन पेटीची उजवी कड न्याहाळू लागली. डाव्या कडेचा निळा रंग गडद होता. उजव्या कडेचा उडून पार राखाडी झाला होता.

"ही पेटी इथंच लावली होती? पहिल्यापासून?"

"तीन वर्षं झाली," निशा म्हणाली. "इथंच."

पेट्या लावायचं आणि दुरुस्तीचं काम कॉलनीतच राहणारा अन्सार करायचा. त्याला बोलावलं. तो घाबरून गेला होता. कंपनीनं त्याला आदल्याच दिवशी कामावर येऊ नको म्हणून कळवलं होतं.

"सील पर मेरी निशानी है आपा, झूट नहीं बोलूंगा," तो म्हणाला. मग वाकून नीट पाहिलं. "पण हे मी मारलेलं नाय. मी तारेचं टोक आत दुमडतो, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. हे बघा, हे बाहेर आलंय."

"तुझी सील मारायची पक्कड कुठं असते?"

"सोसायटीच्या हापिसात, कपाटात. गावाला जाताना तिथंच ठेवतो. एप्रिलमध्ये कन्नडला बहिणीच्या लग्नाला गेलो होतो, आठ दिवस."

"एप्रिलमध्ये भाऊ कुठं होते?"

निशानं आठवलं. "घाटीत. अकरा दिवस ॲडमिट होते. मी तिथंच होते त्यांच्यापाशी."

"आणि घराची किल्ली?"

ऋतुराज आणि निशा दोघांनी एकदमच समोरच्या घराकडं पाहिलं.

५

समोर सर्जेराव पठाडे राहायचे, सोसायटीचे अध्यक्ष. आयुष्यभर विजेच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान चालवलेलं. धोंडिबांच्या अंत्यविधीची सगळी धावपळ त्यांनीच केली होती. निशा त्यांना काका म्हणायची.

"किल्ली माझ्याकडं होती, व्हय. झाडांना पाणी घालायचो," ते म्हणाले. "मॅडम, खरं सांगू का? मला त्या कंपनीचा पहिल्यापासून संशय आहे. कोळसा वाचवतो म्हणतात, पृथ्वी वाचवतो म्हणतात. माणूस वाचवता आला नाही. तुम्ही तक्रार लिहा, सोसायटीचा शिक्का मी देतो."

"त्या दुपारी तुम्ही कुठं होता?"

"इथंच. शिजून निघालो. हातपंख्यानं वारा घेत बसलो होतो."

आवडाबाई, त्यांची बायको, ताक घेऊन आल्या. कडेवर तान्ही नात. लेक बाळंतपणाला आली होती. पोरगी आठव्या महिन्यातच झालेली, अजून मुठीएवढी.

"लई हाल झाले असतील बाळाचे त्या दिवशी," गौहर म्हणाली.

"नाय हो," आवडाबाई कौतुकानं म्हणाल्या. "उलट त्या दुपारी गाढ झोपली होती. मी तर—"

"आवडे, आत दूध उतू जातंय का बघ," सर्जेराव म्हणाले.

आवडाबाई आत गेल्या. गौहरनं ताक संपवलं. निघताना तिनं अंगणातून घराची पश्चिमेची भिंत पाहिली. तीन वर्षांच्या उन्हानं खिडकीचा रंग पोपडे धरून सुटला होता, पाण्याची पाइप पांढरी पडली होती, नावाची पाटी वाचता येत नव्हती.

भिंतीवरची निळी पेटी तेवढी नवी कोरी दिसत होती.

निशाच्या ते लक्षात आलं नाही. ती फाटकातून बाहेर पडता पडता म्हणाली, "आपा, काकांना कशाला त्रास दिला? कंपनीला सोडून तुम्ही आपल्याच माणसांच्या मागं लागलात."

"उद्या अकरा वाजता श्रेयाला इथं बोलव," गौहर म्हणाली. "आणि पठाड्यांनाही. सांग, शिक्का घेऊन या."

६

दुसऱ्या दिवशी अकराला धोंडिबांच्या बोळात पाच-सहा माणसं दाटीवाटीनं उभी होती. निशा, ऋतुराज, अन्सार, लॅपटॉप घेतलेली श्रेया आणि हातात शिक्क्याची डबी घेऊन सर्जेराव.

"अन्सार," गौहरनं विचारलं, "शंभरावर पेट्यांतून एक शोधायची तर काय करता?"

"कंप्युटरवरून हुकूम सोडतात. पेटी शिट्टी देती."

"बिल्ल्यावरचा नंबर बघून?"

"नाय आपा. बिल्ला नुसता पत्रा आहे, दोन स्क्रू काढले की निघतो. खरा नंबर आतल्या सर्किटात असतो."

"श्रेया, सत्तेचाळीसला शिट्टी द्यायला सांग."

श्रेयानं बटण दाबलं. सगळे भिंतीवरच्या पेटीकडं बघत होते. पेटी गप्प होती.

"पुन्हा दाबते," श्रेया म्हणाली.

"नको. ऐका."

रस्त्यापलीकडून बारीक, न थांबणारी शिट्टी ऐकू येत होती. श्रेयानं लॅपटॉपकडं पाहिलं, मग दाराकडं. सर्जेरावांच्या हातातली डबी खाली पडली.

समोरचं दार उघडलं. नातीला कडेवर घेऊन आवडाबाई ओट्यावर आल्या. "अहो, आपली पेटी का वाजायलीय?"

७

"मला पहिल्यांदा तो आकडा खटकला," गौहर म्हणाली. सगळे आता पठाड्यांच्या ओट्यावर आले होते, आणि तिला आवाज चढवायची गरज पडली नाही. "भाऊंचं यंत्र साडेतीनशे वॅट घेतं. पेटीनं बाराशे दिली. काउंटर सांगतो यंत्र बंद होतं, कंप्युटर सांगतो पेटी चालू होती. दोघंही खरं बोलत असतील तर एकच अर्थ निघतो. पेटीनं वीज दिली, पण भाऊंच्या घराला नाही. बाराशे म्हणजे एसी.

"मग बोळातली पेटी पाहिली. अंधारात तीन वर्षं टांगलेल्या पेटीचा रंग एका बाजूनं कसा उडेल? ती उन्हातून आलेली होती. आणि पठाडे, तुमच्या भिंतीवर सगळं विटलंय, पेटी सोडून. सील सांगत होतं, मारणाऱ्याच्या हातात अन्सारची पक्कड होती, अन्सारची सवय नव्हती. भाऊ घाटीत, अन्सार कन्नडला, घराची आणि कपाटाची किल्ली तुमच्याकडं, आणि पेटी काढून लावायचं कसब तुमच्या हातात. ऋतुराजकडं ह्यातलं काहीच नव्हतं. श्रेयाला तर पेटीला हात लावायचीच गरज नव्हती, तिनं घरबसल्या यादी बदलली असती. बिल्ले तेवढे तुम्ही जागच्या जागी ठेवले. त्यामुळं निशाच्या मोबाइलवर रोज तुमच्या भिंतीवरची पेटी भरलेली दिसत राहिली."

"नातीसाठी केलं." सर्जेरावांचा आवाज फुटला. "डॉक्टर म्हणाले, ह्या उन्हात खोली गार ठेवा, नाहीतर पोरगी हाताला लागणार नाही. मी अर्ज केला होता कंपनीकडं. तोंडावर फेकला यांनी."

श्रेया पांढरी पडली होती. "फेकला नाही. पण नाकारला. मीच सही केली," ती म्हणाली. "रोज शंभर पेट्यांची वीज विकू असं आम्ही बँकेला लिहून दिलंय. एकशे बारातून शंभर गेल्या की बाराच उरतात. तेरावी राखीव ठेवली तर हिशोब बसत नव्हता."

"बघा!" सर्जेराव म्हणाले. "मग मी काय करायचं होतं? भाऊंच्या घरात सिलिंडर होता. वीज जायची ती पाच-दहा मिनिटं. जून लागला की पेटी परत लावणार होतो. मी कुणाला मारायला नाही केलं हे."

निशा बाळाकडं बघत होती. क्षणभर असं वाटलं की ती उठून आपल्या घरात निघून जाईल आणि हे सगळं इथंच संपेल.

"एक राहिलं," गौहर म्हणाली. "दोन दहाला वीज गेली. तुमचा एसी बंद पडला नाही. म्हणजे त्याच मिनिटाला तुम्हाला कळलं, की समोरचं यंत्र बंद पडलंय. किल्ली तुमच्या खिशात. रस्ता वीस पावलांचा. सिलिंडरची नळी लावायला दोन मिनिटं लागतात. अडीच तास होते, पठाडे. तुम्ही समोर का गेला नाहीत?"

सर्जेराव ओट्याच्या कडेवर बसले.

"वाटलं, येईल आत्ता वीज," ते म्हणाले. "मग अर्धा तास झाला. तेव्हा गेलो असतो तर भाऊंनी विचारलं असतं, पेटी का नाही चालली. मग तास झाला. मग..." त्यांनी हातांत तोंड लपवलं. "मग जायची भीती वाटायला लागली."

निशा उभी राहिली. "मी पोलिसांत जाते, काका," ती म्हणाली. त्यांना काका म्हटल्याचं तिच्या उशिरा लक्षात आलं.

"काय सिद्ध करणार तुम्ही?" सर्जेराव अचानक सावध झाले. गेल्या चार दिवसांतला अध्यक्ष पुन्हा त्यांच्या तोंडावर आला. "पेटी बदलली, ठीक आहे, दंड भरतो. पण मी घरात होतो, एसी चालू होता, मला कळलं होतं, हे कोण सांगणार? आता बोललो ते रडण्याच्या भरात बोललो. लेक त्या दिवशी दवाखान्यात गेली होती. घरात मी आणि ही. दुसरं कुणी नव्हतं."

त्यांचं खरं होतं. कंप्युटर पेटीचं सांगू शकत होता, माणसाच्या मनातलं नाही.

आवडाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना हे सगळं आत्ताच कळत होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटत होतं. त्या अन्सारला म्हणाल्या, "आधी ती शिट्टी बंद कर, बाबा." श्रेयानं घाईघाईनं बटण दाबलं.

मग त्यांनी आत लेकीला हाक मारली आणि नात तिच्या हातात दिली.

"मी तुम्हाला दोनदा म्हणले," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तीन वाजता म्हणले, समोर बघून या, भाऊ एकटे हायेत. साडेतीनला परत म्हणले. तुम्ही म्हणालात, त्यांच्याकडं पेटी हाय, तू झोप. आन् मी झोपले."

"आवडे, तू आत जा. तुला काय कळत नाय."

"तेव्हा नाय कळलं." त्यांनी पदर खोचला, ओट्यावरच्या चपला पायात घातल्या आणि पायऱ्या उतरून निशापाशी आल्या. "चल पोरी. मला सही येत नाय, अंगठा चालंल का तिथं?"

"चालतो," निशा म्हणाली आणि तिनं फाटक उघडलं. ऋतुराजनं गाडी काढली.

श्रेयानं लॅपटॉप बंद करून काखेत मारला आणि तीही मागोमाग निघाली. "तो नाकारलेला अर्ज माझ्याकडं आहे," ती गौहरला म्हणाली. "त्यावर माझी सही आहे. तोही द्यायला पाहिजे ना?"

"तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

गाडीत आवडाबाई खिडकीपाशी बसल्या. सर्जेराव फाटकापर्यंत धावत आले, गजाला धरून उभे राहिले आणि बायकोला नावानं हाक मारली. त्यांनी काच वर केली. पैठण रोडला लागेपर्यंत त्या सरळ समोर बघत होत्या, आणि मग त्यांनी पहिल्यांदा निशाचा हात हातात घेतला.